दशावताराचं एचडी शूटिंग एडिट करायचंय, कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

आबोली | ११ ऑगस्ट २०२३, २२:४०

नमस्कार मंडळी. मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. माझे बाबा दशावतारी कंपनीत मृदंग वाजवायचे, जवळजवळ तीस वर्षं. आता हात थरथरतो म्हणून घरीच असतात पण जत्रांचा सीझन आला की रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. त्यांना बघायला मिळावं म्हणून मी आणि भावाने आजूबाजूच्या जत्रांतली नाटकं शूट करायला सुरुवात केली आणि बघता बघता दोन सीझनमध्ये १४ नाटकं झाली. एकेक नाटक म्हणजे आडदशावतार (सुरुवातीचा गणपती-संकासुराचा भाग) धरून साधारण पाच तास. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, त्यामुळे त्या रात्री जे बोललं गेलं ते परत तसंच्या तसं कधीच होत नाही, आणि जुने नट एकेक करून थांबतायत. म्हणून हे नीट एडिट करून ठेवायचंय.

कॅमेरा साधा हँडीकॅम आहे, एव्हीसीएचडी, १०८०/५०आय. सहा नाटकांना शिवाय भावाचा फोन पेटी-मृदंगाच्या बाजूला लावला होता. लॅपटॉप सातव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, त्याच्यावर टाइमलाइन पुढे सरकतच नाही, चित्र थांबतं, आवाज पुढे निघून जातो. भिशी लागलीय, सगळं मिळून ७० हजारांत बसवायचंय, फार तर ७५. लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप? आणि सॉफ्टवेअर कुठलं? दर महिन्याला पैसे भरणं मला जमणार नाही. अजून एक, मराठी टायटल टाकलं की जोडाक्षरं फुटतात, त्याचंही कोणाला माहीत असेल तर सांगा.

कंदीलपुष्प | ११ ऑगस्ट २०२३, २३:१५

फार मोलाचं काम करताय आबोलीताई. तांत्रिक कळत नाही मला पण धागा वाचत राहणार. वाखुसा (वाचनखूण साठवली).

दोनअधिकदोन | १२ ऑगस्ट २०२३, ०९:०५

ताई, आधी थोडा हिशोब करू, मग मशीनचं ठरवू, कारण बहुतेक जण उलटं करतात आणि पैसे नको तिथे जातात.

तुमचा कॅमेरा जास्तीत जास्त २४ एमबीपीएसने (सेकंदाला २४ मेगाबिट) लिहितो. ८ ने भागा, सेकंदाला ३ एमबी. म्हणजे तासाला १०.८ जीबी, पाच तासांचं नाटक ५४ जीबी, आणि १४ नाटकं साधारण ७५० जीबी. फोनचे सहा नाटकांचे तास ३०, ते तासाला ७-८ जीबी धरा. एकूण १ टीबीच्या आसपास. आता सेकंदाला ३ एमबी हा वेग काहीच नाही, साधी फिरणारी हार्डडिस्कसुद्धा १०० च्या वर देते. मग लॅपटॉप अडकतो कुठे? तो अडकतो उलगडण्यात.

एव्हीसीएचडी म्हणजे आत एच२६४ असतं. त्यात प्रत्येक फ्रेमचं पूर्ण चित्र साठवलेलं नसतं. एक पूर्ण चित्र, आणि मग पुढचा अर्धा-पाऊण सेकंद फक्त काय बदललं तेवढंच. नुसतं सलग बघायचं तर काही त्रास नाही, पण एडिटिंगमध्ये तुम्ही मधेच कुठेतरी कर्सर ठेवता, तेव्हा मशीनला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून पुढचं सगळं गणित करत यावं लागतं. नाटकात मधेच येऊन बसलेल्या माणसाला स्टेजवर कोण कुठल्या सोंगात आलाय हे कळायला आधीचा प्रवेश विचारावा लागतो ना, तसंच. दोन कॅमेरे एकदम लावले की हे दुप्पट.

यावर दोन उपाय. एक, उलगडायचं काम झटपट करणारा प्रोसेसर. दोन, प्रॉक्सी, म्हणजे एडिट करताना हलक्या फाइली वापरायच्या आणि शेवटी एक्सपोर्टला मूळ फाइली आपोआप लागतात. म्हणून माझं म्हणणं, नवीन काही घेण्याआधी त्याच लॅपटॉपवर केडेनलाइव्ह टाका, फुकट आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू करा आणि दहा मिनिटांचा तुकडा एडिट करून बघा.

मिक्सिंगवाले काका | १२ ऑगस्ट २०२३, १३:३०

मी बार्शीकडचा, लग्नाच्या शूटिंगमध्ये २२ वर्षं गेली. आमच्याकडे याला अजून मिक्सिंगच म्हणतात. व्हीएचएसवर सुरू केलं, मग मिनीडीव्ही, तिची टेप ६० मिनिटांची, फायरवायरने कॅप्चर करायला ६० मिनिटंच लागायची, रात्रभर बसून टेपा बदलायच्या. तुम्हाला कार्डातून फाइल नुसती ओढून घ्यायचीय, हे सुख आहे बघा.

लॅपटॉप घेऊ नका. पाच पाच तासांची एक्सपोर्टं लावली की लॅपटॉप तापतो आणि तापला की हळू होतो. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप दमदार येतो आणि पुढे एकेक पार्ट बदलता येतो. आमच्या लाइनीत इडियस हे सॉफ्टवेअर खूप चालतं, मीही त्याच्यावरच करतो, लांब टाइमलाइन आणि वेगवेगळ्या फॉरमॅटच्या फाइली एकत्र घ्यायला चांगलं आहे, पण ते विकत घ्यावं लागतं आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही. चोरीचं मात्र कुणी दिलं तरी घेऊ नका, त्यातून व्हायरस आला की सगळ्या फाइली गेल्या, आमच्या भागात दोन जणांचं झालंय तसं.

आबोली | १३ ऑगस्ट २०२३, २१:५०

दोनअधिकदोन, तुम्ही सांगितलं तसं केलं. केडेनलाइव्ह टाकलं, प्रॉक्सी केल्या, आणि खरंच चालतंय! संकासुराचा प्रवेश कापला, कर्सर जिथे ठेवेन तिथे चित्र येतं. पण दहा मिनिटांच्या प्रॉक्सी करायला सात-आठ मिनिटं गेली, म्हणजे एका नाटकाला साडेतीन-चार तास, आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा. शिवाय एक्सपोर्ट तर अजून केलंच नाहीये. तेव्हा मशीन घ्यावंच लागेल पण आता निदान कळतंय काय अडतंय ते.

काका, डेस्कटॉपच घेते मग. नेमकं काय काय घेऊ?

दोनअधिकदोन | १३ ऑगस्ट २०२३, २३:२०

आता नेमकं. इंटेलचा आय५-१२४०० घ्या. ६ कोअर, आणि त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. त्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय असते, एच२६४ आणि एच२६५ उलगडायला आणि परत बांधायला वेगळा भाग, इंटेल ही सोय २०११ पासून देतंय, एच२६५ त्यात नंतर आलं. इथे एक गोष्ट पाठ करून दुकानात जा. दुकानदार विचारेल ‘१२४००एफ देऊ का, दीड-दोन हजारांनी स्वस्त पडेल’. नावापुढे एफ असला की पोटातलं ग्राफिक्स बंद, क्विक सिंक गेलं. मग तो स्क्रीन दिसावी म्हणून जीटी ७१० सारखं जुनं कार्ड गळ्यात मारेल, त्याचा एडिटिंगला उपयोग नाही. एफ नको म्हणजे नको. आणि हजार-पंधराशे जास्त देता आले तर १२५०० बघा, त्यातलं ग्राफिक्स यूएचडी ७७०, त्यात व्हिडिओ उलगडणारी इंजिनं दोन आहेत, १२४०० मध्ये एक. तुमच्या एचडीला एकही पुरेल.

रॅम ३२ जीबी, पण १६-१६ च्या दोन पट्ट्या. एकच ३२ ची नको, पोटातलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटा मिळतात, फरक दिसतो. एनव्हीएमई एसएसडी १ टीबी, त्यावर विंडोज आणि चालू नाटकाच्या फाइली आणि प्रॉक्सी. ४ टीबीची साधी हार्डडिस्क, झालेल्या आणि थांबलेल्या नाटकांसाठी. पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, पुढे कार्ड लावता यावं म्हणून. मॉनिटर २४ इंची आयपीएस (रंग नीट दाखवणारा पडदा), आणि डब्यावर ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ९९ असं काहीतरी लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर पात्रांच्या तोंडावरचा रंग तुम्हाला वेगळा दिसेल आणि लोकांना टीव्हीवर वेगळा.

ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ नका. केडेनलाइव्ह बहुतेक काम प्रोसेसरवरच करतं.

टोरांटोहून | १४ ऑगस्ट २०२३, ०४:१०

मी वेगळं मत मांडतो. मॅक मिनी एम२ जानेवारीत आलाय, भारतात ५९,९०० ला सुरू होतो. वीज कमी खातो, आवाज नाही, एच२६४, एच२६५ दोन्ही पाण्यासारखं चालतं आणि आयमूव्ही त्याच्यासोबत फुकट. पुढे फायनल कट घेतलं तरी एकदाच पैसे. आमच्या इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवातली नाटकं मी त्याच्या आधीच्या एम१ वर करतोय, तीन कॅमेरे असतात, कधी अडलं नाही.

दोनअधिकदोन | १४ ऑगस्ट २०२३, ०८:४५

मशीन उत्तम आहे, वादच नाही. पण त्या किमतीत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी जागा. रॅम नंतर वाढवता येत नाही, जे घेताना घेतलं तेच शेवटपर्यंत. २५६ मधून सिस्टिम वजा केली की ताईंची पाच नाटकंही बसणार नाहीत. वरून मॉनिटर, कीबोर्ड, बाहेरची डिस्क, बजेट गेलंच. आणि कुडाळात काही बिघडलं तर? डेस्कटॉपचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला तर गावातला पोरगा संध्याकाळपर्यंत बदलून देतो.

टोरांटोहून | १४ ऑगस्ट २०२३, १८:३०

दुरुस्तीचा मुद्दा मान्य आहे, तो मी धरलाच नव्हता. मग एक वेगळी गोष्ट सांगतो जी मशीनइतकीच महत्त्वाची आहे. मी इथला कॅमेरा घेऊन २०१८ ला गावी देवळातल्या कार्यक्रमाचं शूटिंग केलं होतं. इथले कॅमेरे ३० आणि ६० च्या हिशोबाने चालतात कारण इथली वीज ६० हर्ट्झ. भारतात ५०. ट्यूबलाइटखाली सगळं चित्र भर्रर्र करत लुकलुकत होतं, दोन तासांचं सगळं शूटिंग तसंच. कुठल्याही सॉफ्टवेअरने ते पूर्ण जात नाही. आबोलीताईंचा कॅमेरा ५०आय आहे म्हणजे तो बरोबर आहे, पण भावाचा फोन ३० वर असणार. फोनमध्ये शटर हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवायला सांगा, लुकलुक थांबते.

रानफूल | १४ ऑगस्ट २०२३, २०:००

डाविंची रिझॉल्व्हचं नाव कसं कोणी घेतलं नाही? फुकट आहे आणि सिनेमावाले वापरतात. ब्लॅकमॅजिकने २००९ साली डाविंची कंपनी विकत घेतली आणि नंतर फुकट आवृत्ती आणली. रंग, आवाज, एडिटिंग सगळं एकातच.

मिक्सिंगवाले काका | १४ ऑगस्ट २०२३, २१:१०

रिझॉल्व्ह फार ताकदीचं आहे, माझा मुलगा त्याच्यावरच करतो. पण त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड पाहिजे, पोटातल्या ग्राफिक्सवर ते अडखळतं. विंडोजवर फुकट आवृत्तीत एच२६४ ला हार्डवेअरची पूर्ण मदत मिळत नाही, ती पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत, २९५ डॉलर, पण एकदाच. आणि लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत तर एच२६४ उघडतच नाही. म्हणून ताई, आत्ता केडेनलाइव्ह, आणि वर्ष-दोन वर्षांनी रंगावर नीट काम करायची इच्छा झाली तर एक कार्ड टाका आणि रिझॉल्व्हकडे जा.

अजून एक सांगायचंय, थोडं लांबेल.

मिनीडीव्हीच्या काळात टेप महाग म्हणून आम्ही लग्न देऊन झालं की टेपा परत वापरायचो. एक मुलगी आली दुकानात, तिच्या ताईच्या लग्नाची सीडी खराब झाली होती आणि त्या लग्नातले तिचे वडील मधल्या काळात गेले होते. कपाट उपसलं, टेप सापडली, पण तिच्यावर मी दुसरं लग्न घेतलेलं होतं. लावून बघितली. नवीन शूटिंग ५३ मिनिटांचं होतं म्हणून शेवटची सात मिनिटं जुनी उरली होती. त्यात तिचे वडील पंगतीत जिलबी वाढतायत, पातेलं कडेवर धरलंय आणि कुणालातरी आग्रह करतायत. ती पोरगी तिथेच खाली बसली. मी तिला ती सात मिनिटं काढून दिली, पैसे घेतले नाहीत, पण बाकीची ५३ मिनिटं मी पुसली होती हे माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून माझं एकच मागणं आहे, प्रोसेसर एक नंबर कमी घ्या पण हार्डडिस्क दोन घ्या. ४ टीबीची एक आत आणि तेवढीच एक बाहेरची. बाहेरची डिस्क महिन्यातून एकदा लावायची, कॉपी करायची, आणि दुसऱ्या घरी ठेवायची, भावाकडे, आत्याकडे, कुठेही पण दुसऱ्या घरी. कार्डातून फाइली घेतल्या की फाइलींची संख्या आणि साइझ जुळवायची, प्रत्येक फाइलीचं तोंड आणि शेपूट चालवून बघायचं, दोन जागी कॉपी झाली की मगच कार्ड फॉरमॅट करायचं. नाटक एडिट झालं म्हणून मूळ फाइली कधी काढायच्या नाहीत.

कंदीलपुष्प | १४ ऑगस्ट २०२३, २२:०५

काका, वाचून गलबलून आलं. आमच्या घरच्या लग्नाची डिस्क आजच शोधते.

आबोली | १५ ऑगस्ट २०२३, १७:२०

काका, दोन डिस्क नक्की. मॉनिटर एक नंबर लहान घेईन पण डिस्क दोन घेईन. आत्तापर्यंत सगळं एकाच बाहेरच्या डिस्कवर आहे आणि ती माझ्या साड्यांच्या कपाटात आहे, वाचून पोटात गोळा आला.

अजून दोन अडचणी आहेत. एक, हँडीकॅम एका लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो, आणि दोन तुकडे टाइमलाइनवर शेजारी ठेवले की जोडावर आवाज पाव सेकंद गायब होतो. नेमकी तिथे मृदंगाची थाप असली की बाबांना लगेच कळतं, ‘समेवर खाल्ली’ म्हणतात. दुसरं, फोनचा आवाज आणि कॅमेऱ्याचं चित्र सुरुवातीला जुळवलं तरी अर्ध्या तासाने पुढेमागे होतं.

दोनअधिकदोन | १५ ऑगस्ट २०२३, १९:४०

तुमच्या बाबांचा कान मानला पाहिजे, तो दोष खराच आहे. कार्डाची जुनी पद्धत एका फाइलला ४ जीबीपेक्षा मोठं होऊ देत नाही म्हणून कॅमेरा तुकडे करतो, आणि तुकडा पडताना आवाजाचा एक कण अर्धा या फाइलीत आणि अर्धा त्या फाइलीत जातो. वेगवेगळ्या उघडल्या की दोन्ही अर्धे फुकट. म्हणून टाइमलाइनवर टाकायच्या आधीच फाइली जोडायच्या. कॅमेऱ्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर असेल तर ते आयात करतानाच जोडतं. नसेल तर विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘कॉपी स्लॅश बी’ ही आज्ञा, फाइलींची नावं ओळीने मधे अधिक चिन्ह देऊन, शेवटी नवीन नाव. चित्राला धक्का लागत नाही, नुसतं टोकाला टोक जुळतं. एका रेकॉर्डिंगचेच तुकडे जोडा, मधे कॅमेरा बंद केला असेल तर ते नको. आणि मूळ तुकडे ठेवा, काकांनी सांगितलंय तसं.

फोनचं कारण वेगळं. फोन सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो पण अंधार झाला की २७-२८ वर येतो, परत उजेड आला की ३०. असा कमीजास्त होणारा फ्रेमरेट एडिटिंगला चालत नाही. केडेनलाइव्हमध्ये अशी फाइल टाकली की ते स्वतःच विचारतं, एडिटिंगला सोयीच्या फॉरमॅटमध्ये करू का, तेव्हा हो म्हणा. किंवा हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून आधी स्थिर फ्रेमरेट करून घ्या. हे केल्यावरही पाच तासांत दोन-चार फ्रेमचा फरक पडेलच, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी कधीच नसतात. तेव्हा अख्खं नाटक एका दमात जुळवायच्या ऐवजी प्रत्येक प्रवेशाला नव्याने जुळवा.

पायपेटी | १५ ऑगस्ट २०२३, २१:३०

मी पेडण्याचा, आमच्याकडेही दशावतार होतात. जुळवायला खूण हवी असते, सिनेमावाले टाळी वाजवतात, तुम्हाला झांज आहे की! झांजेचा पहिला आघात आवाजाच्या आलेखात सुईसारखा उभा दिसतो आणि चित्रात हात एकत्र येताना दिसतात. मी दर प्रवेशाला तेच धरतो. केडेनलाइव्हमध्ये आवाजावरून आपोआप जुळवायची सोयही आहे, एका क्लिपचा आवाज संदर्भ म्हणून धरायचा आणि दुसरी त्याला जुळवायची, पण मी झांज बघून खात्री करतोच.

आणि ५०आय बद्दल कोणी बोललं नाही. त्यात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं, एकदा विषम ओळी एकदा सम. संकासुराने उडी घेतली किंवा तलवारबाजी आली की कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. एक्सपोर्टच्या वेळी डीइंटरलेस (या रेघा काढायची सोय) चालू करा आणि त्यात यादीफ हा प्रकार निवडा. कॅमेऱ्याच्या मेन्यूत ५०पी (प्रत्येक वेळी पूर्ण चित्र) असेल तर पुढच्या सीझनपासून तेच लावा, ही कटकटच राहत नाही. ५०पी ला २८ एमबीपीएस लागतो, कार्डात थोडी जास्त जागा, बास.

पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कोकणातल्या दमटपणाने लेन्सला बुरशी धरते आणि ती आतून पसरते.

रानफूल | १६ ऑगस्ट २०२३, ११:००

यूपीएस विसरू नका! साधा ६०० व्हीएचा चालेल, पाच-सात मिनिटं मिळतात, सेव्ह करून बंद करायला पुरतात. कोकणात वीज कडाडायला लागली की नुसतं बटन नको, प्लगच काढा. अर्थिंग तपासून घ्या.

शब्दजुळारी | १६ ऑगस्ट २०२३, १५:४५

मी डीटीपीच्या कामात आहे त्यामुळे जोडाक्षरांचं मी सांगते. दोन वेगवेगळे रोग आहेत. पहिला, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की ‘किंतु’ च्या जागी भलतीच चिन्हं येतात. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, कन्व्हर्टर मिळतात. दुसरा रोग म्हणजे मजकूर युनिकोड आहे पण सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही, मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि ‘क्ष’ चे दोन तुकडे होतात. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पसंतीच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई करावं लागतं, मग जमतं. केडेनलाइव्हच्या टायटलमध्ये युनिकोड मराठी मुळातच नीट येतं. आणि कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये जमलं नाही तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून पारदर्शक पीएनजी करा आणि ते चित्र टाइमलाइनवर टाका, ते कधी फुटत नाही.

फाँट मुक्ता घ्या, किंवा पाट्यांना जुना ढंग हवा तर तिरो देवनागरी मराठी, दोन्ही फुकट आहेत. तिरोमध्ये ल आणि श आपले मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. एक कसोटी सांगते, ‘दुसऱ्या’ लिहून बघा. अर्धा र वरती रफार होऊन गेला नाही आणि चंद्रकोरीसारखा य च्या आधी आला तर फाँट आणि सॉफ्टवेअर दोन्ही पास. दशावताराच्या पाट्यांत ‘दुसऱ्या रात्री’, ‘म्होरक्या’, ‘कार्तिकस्वामी’ असलं सगळं येणारच.

आबोली | २० सप्टेंबर २०२३, २३:१०

मंडळी, मशीन आलं! भाऊ लॅमिंग्टन रोडला गेला होता, पहिल्या दोन दुकानांत १२४००एफच होता आणि त्यांनी तो घ्यावा म्हणून फार आग्रह केला, पण त्याला दोनअधिकदोन यांचा प्रतिसाद प्रिंट काढून दिला होता त्यामुळे तो ठाम राहिला. तिसऱ्या दुकानात एफ नसलेला मिळाला. ३२ जीबी दोन पट्ट्यांत, १ टीबी एसएसडी, ४ टीबीच्या दोन डिस्क, यूपीएस, मॉनिटर २४ च्या ऐवजी २२ इंची आयपीएस. सगळं मिळून ७३ हजार आणि वर काहीतरी. गणपतीच्या गर्दीत कोकणकन्येतून कॅबिनेट मांडीवर धरून आणला त्याने, रात्रभर झोपला नाही. काल गणपती बसले आणि आज संध्याकाळच्या आरतीनंतर जोडणी केली.

पहिलं काम काकांनी सांगितलेलं. सगळ्या फाइलींची कॉपी दुसऱ्या डिस्कवर चालू आहे, ती उद्या सावंतवाडीला आत्याकडे जाईल. मग मागच्याच दहा मिनिटांच्या तुकड्यावर प्रॉक्सी करून बघितल्या, चहा होईपर्यंत झाल्या. खरं तर एका कॅमेऱ्याला प्रॉक्सी लागतच नाहीयेत, दोन्ही एकदम लावले तरच घेते.

मिक्सिंगवाले काका | २१ सप्टेंबर २०२३, ०८:००

शाब्बास! दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस, सवय लावून घ्या. प्रोजेक्टची फाइल छोटी असते, तीही रोज दुसरीकडे कॉपी करा.

टोरांटोहून | २१ सप्टेंबर २०२३, १९:१५

अभिनंदन ताई. यूट्यूबवर टाकणार असाल तर १०८० ला ५० फ्रेमसाठी १२ एमबीपीएस पुरतात, पाच तासांना २७ जीबी होतील. एका फाइलला १२ तासांची मर्यादा आहे त्यामुळे अख्खं नाटक बसेल. पण आधी कंपनीच्या मालकांची आणि नटांची परवानगी घ्या, त्यांचं पोट त्यावर आहे.

आबोली | १० डिसेंबर २०२३, २२:२५

उशिरा लिहितेय, जत्रा सुरू झाल्या आणि शाळेतही परीक्षांचे पेपर होते. पहिलं नाटक पूर्ण झालं, पाच तास अकरा मिनिटं. एक्सपोर्ट रात्री लावून झोपले, पहाटे उठून बघितलं तर झालेलं होतं. परवानगीचं मालकांशी बोलले, यूट्यूबवर एवढ्यात नको म्हणाले, चालू सीझनच्या सुपाऱ्यांवर परिणाम होईल. मलाही ते पटलं. पेनड्राइव्हवर कंपनीला दिलं.

त्यात स्त्रीपार्टी करणारे जे नट आहेत ते आता सत्तरीला आलेत, ते आमच्याकडे मुद्दाम बघायला आले. खुर्ची पुढे ओढून बसले आणि पहिल्यांदा काय विचारलं तर ‘झिला, माझो आवाज नीट इलो मां?’ भावाने आवाज वाढवला. त्यांच्या एका लांब संवादावर ते स्वतःच पुटपुटत होते पण शब्द वेगळे होते, मग थांबले आणि म्हणाले हे मी बोललो होतो? परत लाव. तीन वेळा लावलं. तो संवाद आम्ही वहीत उतरवून घेतला.

बाबा जोडाची वाट बघत बसले होते. चौथ्या आणि पाचव्या फाइलीच्या जोडावर मी मुद्दाम काही बोलले नाही. थाप आली, पुढची आली, त्यांनी मांडीवर ताल धरलेला होता तो तसाच चालू राहिला.

शब्दजुळारीताई, तिरो घेतलाय. ‘दुसऱ्या दिवशीची पहाट’ अशी पाटी आहे शेवटी, ऱ्या अगदी बरोबर आलाय.